वाफसा कोणाला जोडायचा? : मराठी विश्वकोश निर्मिती मंडळास आणि मराठी भाषा विभागास खुले पत्र

प्रति,
मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ, वाई कार्यालय, जि. सातारा
आणि
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गाचा पट 23. एक मागणी घेऊन आपल्याला लिहिते आहे, पण त्याआधी ती सुचली कशी ते सांगते.

जूनमध्ये शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. मी फळ्याच्या मधोमध ‘पाऊस’ लिहिलं आणि मुलांना म्हटलं, याच्या शेजारीपाजारी कोण कोण राहतं ते सांगा. वळीव, झड, भुरभूर, सर, गारा, चिखल, छत्री, बेडूक, उघडीप असे शब्द येत गेले. एकेक शब्द आला की मी ‘पाऊस’पासून त्याच्यापर्यंत रेघ ओढायची आणि विचारायचं, ही रेघ कसली? वळीव हा पावसाचा प्रकार. चिखल पावसामुळे होतो. छत्री पावसासाठी घेतात. रेघेवर तसं लिहायचं.

मागच्या ओळीतला एक मुलगा तिसरीपासून माझ्या वर्गात आहे आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. तो म्हणाला, “वाफसा.” मी शब्द लिहिला आणि खडू हातात धरून थांबले, कारण रेघ कुठून ओढायची ते मलाच कळेना. तो म्हणाला, “पावसाला न्हाय बाई, उघडिपीला जोडा. पाऊस थांबल्यावरच येतो.” एक मुलगी म्हणाली, मातीला जोडा, वाफसा मातीला येतो. तिसऱ्याचं म्हणणं, पेरणीला, कारण वाफसा आल्याबिगर कुरी धरत न्हाईत. मग त्या पहिल्या मुलाने उठून सगळ्यांना मूठ वळून दाखवली. “माती अशी दाबायची. लाडू झाला पायजे, आणि खाली टाकला की फुटला पायजे. तवा वाफसा.”

शेवटी तिन्ही रेघा ओढल्या. प्रत्येकीवर वेगळं नाव पडलं: ‘नंतर येतो’, ‘कोणाला येतो’, ‘कशाआधी लागतो’. एका शब्दाचा अर्थ त्या तीन रेघांमध्ये मिळून मावला. वाफसा म्हणजे काय ते मी वाक्यात सांगितलं असतं तर मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं आणि तास संपला असता.

आपल्याकडची माझी मागणी या रेघांसाठी आहे. मराठी शब्द आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती पडद्यावर दिसतील, हाताने हलवता येतील आणि मुलांना त्यात भर घालता येईल असं एक मोकळं शब्दजाळं मराठीत हवं. ते आपण करावं.

अशी साधनं इंग्रजीत आहेत. एका प्रशिक्षणात मी ‘व्हिज्युअल थिसॉरस’ पाहिलं. शब्द टाइप केला की तो मधोमध उभा राहतो आणि त्याच्याभोवती फांद्या फुटतात. एखाद्या फांदीवरच्या शब्दाला बोट लावलं की तो मध्ये येतो आणि त्याची नाती उलगडतात. या आकृत्यांमागची युक्ती समजल्यावर मला ती फार आवडली. जोडलेले दोन शब्द स्प्रिंगने बांधल्यासारखे एकमेकांना ओढतात, बाकीचे सगळे एकमेकांना दूर ढकलतात, आणि या ओढाताणीत चित्र हळूहळू स्थिर होतं. त्यामुळे जवळच्या अर्थाचे शब्द आपोआप एका घोळक्यात येतात. कोणी हाताने मांडलेले नसतात.

त्या चित्राखाली भक्कम पाया आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1985 पासून ‘वर्डनेट’ तयार होत गेलं. त्यात एकाच अर्थाच्या शब्दांचे संच केले आहेत, असे सुमारे 1,17,000 संच, आणि संचांमधली नाती नोंदवली आहेत: हा त्याचा प्रकार, हा त्याचा भाग, हा त्याच्या उलट. ही माहिती सर्वांना वापरायला खुली ठेवल्यामुळे पुढे कितीतरी जणांना तिच्यावर साधनं उभी करता आली.

प्रशिक्षणाहून आल्यावर मी वर्गातल्या टीव्हीवर ते इंग्रजी चित्र मुलांना दाखवलं. मुलं पुढे सरकून बसली. फांद्या हलल्या की हसायची. मग एकीने विचारलं, “बाई, ह्यात आपलं टाका की.” टाकता येत नव्हतं.

मग आम्ही आमचं केलं. आमच्याकडे उसाचा मुलूख. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे, आणि हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली चार-पाच मुलंही वर्गात येऊन बसतात. गावाबाहेर एक गुऱ्हाळ चालतं. तिथे सगळ्यांना घेऊन गेले. नंतर चार दिवस भिंतीवर पांढरे कागद चिकटवून ‘गूळ’ या शब्दाचं जाळं केलं. चरक, रस, काहिल, चुलवाण, चिपाड, मळी, काकवी, वाफा, ढेप, गुळव्या. काहिल म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवाण तिच्याखालची चूल आणि गुळव्या गूळ करणारा. हे शब्द लिहून घ्यायला एक तास पुरला. उरलेले तीन दिवस रेघांना नावं देण्यात गेले. काहिलीचं चुलवाणाशी नातं काय? ‘वर बसते’. चिपाडाचं? इथे दोन रेघा आल्या. चिपाड उसापासून उरतं आणि तेच चुलवाणात जळतं, म्हणजे उसाचा रस उसाच्याच चिपाडावर शिजतो. हे कोणी शिकवलं नव्हतं. कागदावर रेघ वळून परत आली तेव्हा एका मुलाला ते दिसलं, आणि तो नाचायचाच बाकी राहिला. काकवी हा गुळाचा प्रकार की गुळाच्या आधीची पायरी, यावर दोन गट पडले. गुळव्याला विचारून यायचं ठरलं. गुळव्या म्हणाला, पाक पुढं नेला तर गूळ, आधीच उतरवला तर काकवी. मग ‘प्रकार’ खोडून ‘आधी’ लिहिलं.

ऊसतोडीला आलेल्या मुलांनी ‘ऊस’च्या बाजूला मोळी, कोयता, वाढं, टोळी, मुकादम हे शब्द जोडले. राहायच्या खोपटासाठी त्यांचा ‘कोपी’ हा शब्द इथल्या मुलांनी पहिल्यांदाच भिंतीवर वाचला. ‘घर’ या शब्दाशी त्याची रेघ जोडताना खाली काय लिहायचं, यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. एका मुलीने शेवटी लिहिलं, ‘सहा महिन्यांचं’. त्या कागदाचा मी फोटो काढून ठेवला आहे.

आता पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीबद्दल. आपण शब्दांची दोनच नाती शिकवतो, समानार्थी आणि विरुद्धार्थी. पाणी म्हणजे जल, नीर, तोय, उदक, जीवन. मुलं हे सूर लावून पाठ म्हणतात. परीक्षेत गुणही मिळतात. मग एक दिवस निबंधात ओळ येते: ‘सकाळी नळाला नीर आले.’ चूक मुलाची नसते. पाचही शब्द समान आहेत असं आपणच सांगितलेलं असतं. जलवाहतूक म्हणतात आणि नीरवाहतूक म्हणत नाहीत, उदक पूजेच्या पळीत शोभतं आणि घागरीत शोभत नाही, हे यादीत कुठेच दिसत नाही. म्हणून मला हव्या असलेल्या जाळ्यात प्रत्येक शब्दाला बोट लावल्यावर त्याची दोन-तीन जिवंत वाक्यं दिसली पाहिजेत. वाक्यं नसतील तर हे सुंदर चित्रही त्या यादीइतकंच फसवेल.

आणि उलट अडचण एका शब्दाच्या अनेक अर्थांची. ‘पाट’ घ्या. कृष्णाकाठच्या मुलाला पाट म्हणजे शेतात पाणी आणणारा पाट. जेवायला बसायचा पाट अजून काही घरांत आहे. पाट लावणे, म्हणजे पुन्हा लग्न लावणे, हा जुना वाक्प्रचार आजीकडून ऐकलेला. शब्दकोशात हे अर्थ एक, दोन, तीन असे एकाखाली एक येतात आणि मूल पहिल्यावरच थांबतं. जाळ्यात मात्र एकाच ‘पाट’मधून तीन वेगळ्या वाड्या फुटतात: एकीकडे कालवा, बारं, दारं, पाणी पाजणे, दुसरीकडे ताट, पंगत, रांगोळी, तिसरीकडे लग्न आणि त्याच्या रीती. या वाड्या एकमेकींना कुठेच शिवत नाहीत. अर्थ वेगळे आहेत हे डोळ्यांना आधी कळतं, सांगावं लागत नाही.

शब्दांना नात्याने बसवणं ही काही परदेशी गोष्ट नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. अमरकोशाची मांडणी वर्णक्रमाने नाही. भूमिवर्ग, वारिवर्ग, वनौषधिवर्ग अशा शेजारांनी आहे, आणि पिढ्यान् पिढ्या तो मुखोद्गत झाला त्यात या शेजाराचा वाटा मोठा असणार. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाचेही दहा वर्ग आहेत. त्यात दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशी मांडणी आहे. गडावरच्या माणसाला गडाचे शब्द एका ठिकाणी. मोल्सवर्थने 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत तो सुमारे 60,000 शब्दांवर नेला. पुढे 1932 ते 1938 या काळात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड आले. हे कोश नसते तर आपण कंगाल असतो. पण ते वर्णक्रमाचे आहेत, आणि वर्णक्रमात ‘काहिल’ ‘क’मध्ये, ‘चुलवाण’ ‘च’मध्ये आणि ‘गुळव्या’ ‘ग’मध्ये जाऊन बसतो. ज्या आगीने ते एकत्र आले ती पानात विझते.

आज हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयात कोणालाही शोधता येतात. माझ्या टेबलावर मला मोल्सवर्थ शिकागोहून मिळतो. मुलांचं शब्दजाळं तरी वाईहून मिळावं, अशी माझी इच्छा आहे.

मराठीत काहीच झालेलं नाही असं मी म्हणत नाही. मुंबईच्या आयआयटीत भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने मराठी वर्डनेट तयार केलं आहे, आणि 18 भारतीय भाषांची अशी जाळी इंडोवर्डनेटमध्ये एकमेकांना जोडलेली आहेत. हे काम फार मोलाचं आहे. त्याची रीत मात्र लक्षात घ्यायला हवी. आधी हिंदीचं जाळं झालं. मग हिंदीतला एकेक अर्थ घेऊन त्याला मराठी शब्द कोणते, असं भरत गेले. यामुळे काम लवकर होतं आणि भाषा एकमेकींना जोडल्या जातात. पण या रीतीत सुरुवात दुसऱ्या भाषेच्या खणांपासून होते. जो शब्द आपल्या मातीत, आपल्या गुऱ्हाळात आणि आपल्या स्वयंपाकघरात तयार झाला त्याच्यासाठी तिथे खण असेलच असं नाही. तो मुद्दाम करावा लागतो. वाफसा, निडवा (एकाच लागणीवर आलेलं उसाचं तिसरं पीक), कोपी यांच्यापासून सुरुवात करून बाहेर जाणारं जाळं हवं. शिवाय ते वर्डनेट भाषातंत्रज्ञानाच्या कामासाठी बांधलेलं आहे. नऊ वर्षांच्या मुलासमोर ते तसंच ठेवता येत नाही.

तेव्हा आपण काय करावं?

विश्वकोशाने नोंद लिहायची, तपासायची, तज्ज्ञाकडून पक्की करून घ्यायची शिस्त या राज्याला घालून दिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून तो पाया घातला. ती शिस्त या कामात सगळ्यात जास्त लागेल, कारण रेघ चुकली तर शब्दच चुकतो. मला वाटतं, सुरुवात पाच हजार शब्दांनी करावी, त्याहून जास्त नको. पहिली ते पाचवीच्या पाठ्यपुस्तकांतले शब्द आणि त्यांना जोडून जिल्ह्याजिल्ह्यातले घरचे शब्द. नात्यांची नावं संस्कृतप्रचुर ठेवू नयेत. ‘अंगांगीभाव’ऐवजी ‘भाग आहे’, ‘कार्यकारणभाव’ऐवजी ‘मुळे होतो’. मुलांनी माझ्या भिंतीवर जी नावं दिली त्यातली बहुतेक जशीच्या तशी चालतील.

प्रत्येक शब्दावर तो कुठे बोलला जातो याची खूण असावी. लागण, खोडवा, निडवा ही उसाची भाषा इथल्या मुलाला घरची आहे, कोकणातल्या मुलाला नाही. कोकणातल्या मुलाचे खाडीचे आणि भाताचे शब्द माझ्या मुलांना ठाऊक नाहीत. दोघांनी एकमेकांची जाळी उघडून पाहावीत. ‘प्रमाण’ आणि ‘बोली’ असे दोन रंग मात्र कृपा करून देऊ नका. रंगामुळे कोणता शब्द वरचा आणि कोणता खालचा ते मुलं लगेच ओळखतात, आणि घरचा शब्द वहीत लिहायचं बंद करतात. असे गप्प झालेले मुलगे-मुली मी अठरा वर्षं पाहते आहे.

भर घालायची सोय शाळांना द्यावी. शिक्षकाने पाठवायचं, आसपासच्या शाळांच्या केंद्रावर पाहायचं, वाईत पक्कं व्हायचं. आमच्या शिक्षण परिषदा दर महिन्याला होतातच. त्यातला एक तास याला दिला तर कागद भरण्यापेक्षा शिक्षकांना ते आवडेल. आवाजही हवा. ‘चुलवाण’ गुळव्याच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे.

आणि हे सगळं इंटरनेट नसताना चाललं पाहिजे. आमच्याकडे रेंज डोंगराच्या बाजूला गेलं की जाते, आणि पावसाळ्यात वीज. एका शाळेत मी असा टीव्ही पाहिला आहे की जो उद्घाटनाच्या दिवशी लागला आणि नंतर त्यावर कापड पडलं, कारण त्यातलं सगळं ऑनलाइनवर होतं. एकदा उतरवून घेतलं की स्वस्त टॅबवरही चालेल, आणि टॅब नसेल तिथे एका मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावता येईल, असं ते असावं. मूळ माहिती वर्डनेटसारखी सर्वांना खुली ठेवावी, म्हणजे एखाद्या हुशार पोराला उद्या त्यावर खेळ करायचा असेल तर कोणाच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागणार नाहीत.

एक सावधगिरी मला माझ्या वर्गानेच शिकवली. तयार जाळं दाखवलं की मुलं ते फिरवतात, शब्दांना टोचतात, मजा करतात, आणि आठवड्याने विचारलं तर फार थोडं आठवतं. जे जाळं त्यांनी स्वतः भांडून केलं त्यातली रेघन् रेघ महिन्यांनंतरही सांगतात. म्हणून साधनात काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवाव्यात. शब्द दिसावेत, रेघ दिसावी, रेघेवरचं नाव मुलाने द्यावं. चुकलं तर साधनाने लाल फुली मारू नये. वर्गात त्यावर बोलणं व्हावं. पडद्यासमोर मूल एकटं बसवायचं असेल तर हे साधन नकोच. ते दोघा-तिघांत मिळून वापरायचं आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. मुलांनी विचारलं, आता काय होणार? मी त्यांना भाषेचं वय, जुने ग्रंथ, शिलालेख असं सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडे एवढंच उत्तर होतं. त्यांच्या हातात देता येईल असं काहीतरी तेव्हा माझ्याकडे असायला हवं होतं, हे तेव्हापासून मनात आहे.

या कामासाठी माझ्या वर्गाचे कागद मी आपल्याला द्यायला तयार आहे. पाऊस, गूळ, ऊस, घर, बाजार, अंगण आणि यात्रा अशी सात जाळी झाली आहेत. अर्धवट ‘पाट’ भिंतीवर आहे. मंडळाच्या गंगापुरीतल्या कार्यालयात मी ते घेऊन येईन, किंवा आपल्यापैकी कोणी इकडे यावं. वाईहून सकाळी निघालात तर दुपारच्या सुट्टीआधी पोचाल. डिसेंबर-जानेवारीत आलात तर गुऱ्हाळही सुरू असेल, गुळव्या आपल्याला काकवी देईल आणि मुलं आपल्याला विचारतील की ‘गोड’ हा शब्द गुळाला जोडायचा की जिभेला. त्यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. कराड, जि. सातारा